फाट्यापर्यंतचे चार किलोमीटर

एका वाचकाचं पत्र, नाव-गाव वगळून, थोडक्यात:

मी २७ वर्षांचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. घरचं सहा एकर कोरडवाहू वावर आहे आणि तालुक्याला एका कृषी केंद्रात कामाला जातो. आम्ही तीन भावंडं. मधल्या बहिणीला सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, होता. दोन वर्षांपूर्वी, १९ वर्षांची असताना ती गेली. पोलीस भरतीसाठी मी तीन वर्षं धावलो. भरती झाली नाही, पण धावणं सुटलं नाही. आता मुंबईची ४२ किलोमीटरची मॅरेथॉन तिच्या नावानं धावायची, टी-शर्टवर तिचा फोटो छापायचा आणि सिकलसेलच्या मुलांसाठी एक लाख रुपये जमवायचे असं मनात आहे. बाबा म्हणतात, "मेलेल्या लेकीच्या नावानं लोकायच्या दारी हात पसरतं का?" आई म्हणते, "फोटो नोको लावू बाप्पा, लहानीचं व्हाचं हाये अजून." गावातले विचारतात, "भरती त निंगाली नाही, मंग कायले पयतं?" ताई, माझं चुकतं आहे का? तिच्यासाठी दुसरं काय करू?

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातली जवळजवळ सगळी पानं मॅरेथॉनची आहेत. सराव किती झाला, बूट कितीचे, रेल्वेचं तिकीट, टी-शर्ट छापायला किती, कोणाकडून किती मिळतील, याचा हिशेब तुम्ही समासात बारीक अक्षरात मांडला आहे. आणि तिसऱ्या पानावर कंसात एकच ओळ आहे: "त्या रात्री गाडी मिळेना, रेंज नव्हती, म्हणून मी फाट्यापर्यंत पळत गेलो, तिथून गाडी आणली, पण उशीर झाला." कंस संपतो आणि लगेच टी-शर्टचा रंग कोणता, ते येतं.

मी त्या कंसापाशी बराच वेळ थांबले. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय की रोजचा सराव "घर ते फाटा, जाऊन-येऊन आठ किलोमीटर". म्हणजे दोन वर्षं रोज पहाटे तुम्ही त्याच रस्त्यानं धावताय, ज्या रस्त्यानं त्या रात्री धावलात. हे तुमच्या लक्षात आलंय की नाही, मला ठाऊक नाही. आलं नसेल तर आज वाचताना थोडं थांबा.

तुम्ही विचारता, तिच्यासाठी दुसरं काय करू. भाऊ, तिच्यासाठी जे धावायचं होतं ते तुम्ही त्या रात्री धावला आहात. सिकलसेलमध्ये छातीचा त्रास उठला की काही तासांत सगळं हाताबाहेर जाऊ शकतं. गाडी अर्धा तास आधी आली असती तर काय झालं असतं, हे आज कोणीच सांगू शकत नाही. मीही नाही, तुमच्या तालुक्याचे डॉक्टरही नाहीत. तुम्ही मात्र ते रोज पहाटे स्वतःला विचारताय आणि उत्तर म्हणून चारचे बेचाळीस करायला निघाला आहात. जास्त धावलं की उशीर फिटेल, असा एक हिशेब तुमच्या समासातल्या हिशेबाच्या खाली दडला आहे असं मला वाटतं. तो हिशेब कधी जुळायचा नाही, कारण तुमच्या नावावर ती उधारी नव्हतीच.

एवढं आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं याच्यावर टेकलेलं आहे. धावू नका असं मी म्हणणार नाही. धावा. पण त्याआधी एक काम आहे आणि ते मॅरेथॉनच्या नोंदणीच्याही आधीचं आहे.

तुमचं स्वतःचं रक्त तपासलं आहे का? चार पानांत तो उल्लेख कुठेच नाही. बहिणीला सिकलसेल होता, म्हणजे आई आणि बाबा दोघंही वाहक असणार, स्वतःला आजार नाही पण मुलांत तो उतरू शकतो असे. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मोकळं राहण्याची चारात एक असते. तुम्हाला आजार नाही हे तुमच्या धावण्यावरून दिसतंच. मग उरलेल्या तिनांतून पाहिलं तर तुम्ही वाहक असण्याची शक्यता तिनांत दोन. ही लहान गोष्ट नाही.

वाहकाला एरवी काही होत नाही. तो वावरात राबतो, भरतीला धावतो, म्हातारा होतो. पण अंगाच्या ताकदीपलीकडे, उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना जोर लावला तर वाहकाच्या स्नायूंचे तंतू तुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरतात, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि क्वचित ते जिवावरही बेततं. अमेरिकेत विद्यापीठांच्या वरच्या फळीतल्या खेळाडूंसाठी २०१० पासून ही तपासणी नियमातच आणली, ती याच कारणानं. वाहक असाल तर धावणं बंद, असा त्याचा अर्थ नाही. सराव हळूहळू वाढवायचा, मध्ये थांबायचं, तापलेल्या हवेत ईर्ष्येनं धावायचं नाही. पायात गोळा येण्याऐवजी पाय एकदम गळाल्यासारखे झाले, दम खाली बसेना किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा. तुम्ही वाहक आहात हे सोबत धावणाऱ्या एका तरी माणसाला माहीत असायला हवं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन आधी साधी चाचणी करतात. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तशीच दुसरी चाचणी करून पक्कं करतात. १ जुलै २०२३ ला देशभरात सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं होतं. तुम्ही त्यात बसता. जाताना धाकट्या बहिणीलाही सोबत न्या. तिचं का, ते पुढे येईलच. डॉक्टरांना "मला ४२ किलोमीटर धावायचंय" हेही सांगा, नुसता कागद घेऊन परत येऊ नका.

आता आईकडे येते. आईचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला ते तुमच्या पत्रातलं सगळ्यात समजूतदार वाक्य वाटलं. टी-शर्टवर बहिणीचा फोटो आणि खाली "सिकलसेल" असं छापलं की ती फक्त तिची आठवण राहत नाही. ते आईच्या रक्ताबद्दल, बाबांच्या रक्ताबद्दल, लहानीबद्दल आणि तुमच्याबद्दल गावाला केलेलं निवेदन होतं. आपल्याकडे मुलगी पाहायला येणारे लोक चहा प्यायच्या आधी "यांच्या घरात ती बिमारी हाये म्हणते" हे ऐकून आलेले असतात. हे चूक आहे, अन्यायाचं आहे. पण ते आज गावात आहे आणि त्याचा मार सगळ्यात आधी लहानीला बसणार आहे. जिला सोसायचं आहे तिला कोणी विचारलंय का? आई निदान तिच्या वतीनं बोलली.

या भीतीवर उपाय लपवणं हाही नाही. लहानीची तपासणी झाली आणि ती वाहक निघाली, तरी ज्या मुलाशी लग्न होईल तो वाहक किंवा रुग्ण नसेल तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार होत नाही. मुलं फार तर वाहक होतील. दोन वाहकांचं लग्न झालं तर मात्र दर खेपेला चारात एक अशी धास्ती राहते. म्हणून पत्रिका मागण्याआधी दोन्हीकडचा तपासणीचा कागद मागायचा. हे मी तुमच्या घरासाठीच लिहीत नाही. विदर्भातल्या ज्या घरांत लग्नाचं बघणं चालू आहे आणि नातलगांत कोणाला सिकलसेल आहे, त्या सगळ्यांसाठी लिहिते. मुलाकडच्यांनी मुलीचाच कागद मागायचा ही रीत मात्र मोडायला हवी. कागद दोघांचा.

म्हणून फोटोचा आणि नावाचा निर्णय तुमचा एकट्याचा नाही. आई, बाबा आणि लहानी तिघंही मनापासून हो म्हणाले तर लावा. नाही म्हणाले तर तिचं नाव मनात ठेवून धावता येतं. गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला हजारो माणसं ठरल्या मिनिटाला जिथल्या तिथे मुकाट उभी राहतात. तुम्ही कधी गेला असाल तर ती शांतता तुम्हाला ठाऊक असेल. त्या एका मिनिटात कोणाच्या छातीवर काही छापलेलं नसतं.

बाबांचं बोलणं वेगळं आहे. ते तुम्हाला लागलंय, दोनदा लिहिलंय तुम्ही. पण ज्या बापाला डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं असेल की हा आजार आईबापाच्या रक्तातून येतो, त्याच्या मनात काय बसलं असेल याचाही विचार करा. "हात पसरतं का" याच्या मागे "माझ्यामुळे गेली" असं काहीतरी असू शकतं. हे मी नुसतं अंदाजानं म्हणते, चूक असेन. पण वाहक असणं हा दोष नाही, ते कोणी निवडत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकायला मिळालं तर बरं होईल. तपासणीला जाल तेव्हा त्यांनाही घेऊन जा. वावरातलं काम निघालं म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

पैसे मागणं म्हणजे भीक, हे मात्र मी मान्य करणार नाही, आणि बाबाही एरवी मान्य करत नसतील. सप्ताह, भंडारा, गणपती, कोणाच्या गोठ्याला आग लागली तर ढेपेचं पोतं, हे सगळं आपली गावं वर्गणीवरच करतात. शेणगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी लोकांच्याच पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. लोकांनी त्यांना दिलं, कारण त्या पैशातला एक रुपया त्यांच्या अंगावर दिसत नव्हता. मागण्यात लाज नाही. मागणाऱ्याला किती शिल्लक राहतं, लोक ते पाहतात.

बाबांच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. मेलेल्या मुलीच्या नावानं दारात आलेल्या भावाला नाही म्हणता येत नाही. ज्याच्या घरात सोयाबीनचा भाव पडल्यानं बी-बियाण्याची उधारी तशीच आहे, तोही पन्नास रुपये काढून देईल आणि रात्री कुढेल. म्हणून दारोदार जाऊ नका. कापूस विकून घरात पैसा आल्यावर एखाद्या संध्याकाळी पारावर सांगा आणि डबा ठेवा. ज्याला टाकायचं तो टाकेल. आपल्याकडे भोंग्यावरून "अमक्याकडून पाचशे एक" असं वाचायची पद्धत आहे, ती इथे नको. आलेला पैसा आणि गेलेला पैसा मोठ्यानं वाचा. कोणी किती दिले ते वाचू नका.

आणखी एक, कायद्याचं. नोंदणी नसलेल्या माणसांनी चार लोकांकडून समाजकार्यासाठी वर्गणी जमवायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली. गावच्या गणेश मंडळाच्या पोरांना विचारा, ती दरवर्षी काढतात. नाहीतर सरळ नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर पैसे जाऊ द्या आणि पावत्या त्यांच्याकडून घ्या. करसवलत हवी असणाऱ्या नोकरदार मित्रांना सांगा की दोन हजारांच्या वर रोख दिले तर सवलत मिळत नाही. कोणत्याही परिस्थितीत वर्गणी स्वतःच्या फोन-पे वर घेऊ नका. तुमच्यावर कोणाचा अविश्वास असेल म्हणून हे सांगत नाही. दोन वर्षांनी कोणीतरी एक वाक्य बोलेल, आणि ते वाक्य बहिणीच्या नावाला चिकटेल.

आठवणीसाठी धावणं ही जगात नवी गोष्ट नाही. दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्ग आणि दर्बान या दोन शहरांमधली कॉम्रेड्स मॅरेथॉन सुमारे ९० किलोमीटरची आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या साथीदारांची आठवण राहावी म्हणून विक क्लॅपहॅम नावाच्या एका सैनिकानं ती १९२१ मध्ये सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले, १६ पोचले. ती अजून चालू आहे. पण मला तुम्हाला टेरी फॉक्सची गोष्ट जास्त सांगावीशी वाटते. कॅनडातल्या या मुलाचा उजवा पाय हाडाच्या कॅन्सरनं गेला. दवाखान्यात सोबतची लहान मुलं पाहून तो हलला. १९८० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कृत्रिम पाय लावून तो देश आडवा पार करायला निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. त्यानं काय मागितलं? कॅनडातल्या प्रत्येक माणसाकडून एक डॉलर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि आजार फुप्फुसांत पोचल्यामुळे त्याला थांबावं लागलं. पुढच्या जूनमध्ये तो गेला. दुसऱ्या समुद्रापर्यंत धावत पोचणं त्याला जमलं नाही. पैसे मात्र माणशी एक डॉलरच्या हिशेबानं जमले, आणि त्याच्या नावानं लोक दरवर्षी अजून धावतात.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. मागणं इतकं लहान ठेवा की कोणाला जड जाणार नाही. आणि शेवटची रेघ ओलांडली नाही तरी केलेलं वाया जात नाही. तुमच्या रक्ताच्या कागदावर काहीही आलं, तरी ही दुसरी गोष्ट लक्षात असू द्या.

आता मुंबईबद्दल. २००४ मध्ये सुरू झालेली ही मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या आसपास होते आणि बरेच धावपटू नोंदणीकृत संस्थांसाठी पैसा उभा करतात. चांगली गोष्ट आहे. पण भरतीचं धावणं १६०० मीटरचं, पाच-सहा मिनिटांत जीव काढणारं. बेचाळीस म्हणजे चार-पाच तास. त्या दोन धावण्यांत फार थोडं सारखं आहे. आठ किलोमीटरवरून बेचाळीसवर जायला निदान एक वर्ष द्या, मध्ये दहाची आणि एकवीसची एकेक शर्यत होऊ द्या. आणि सरावाचे खरे महिने येतात ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी. दिवसभर वाकून बोंडं वेचलेल्या पाठीनं दुसऱ्या पहाटे तीस किलोमीटर धावायचं, आणि त्या दिवशी तुमच्या वाटचं काम बाबांनी करायचं. त्यांच्या रागात हेही असेल. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उजाडल्यावर धावूच नका. लांब धावताना नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही, अंगातलं मीठ पातळ होतं. लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं घरचं पुरतं.

समासातल्या हिशेबात तुमचा मुंबईचा सगळा खर्च १४ हजार आला आहे. दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की गावातून ग्रामीण रुग्णालयात खासगी गाडी करून जायला १,२०० रुपये लागतात. म्हणजे मुंबईच्या खर्चात रात्रीच्या अकरा फेऱ्या होतात. हे तुम्हाला टोचावं म्हणून सांगत नाही. स्वतःच्या कमाईतून मुंबईला जाऊन धावायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, तो खर्च वर्गणीत मिसळला नाही म्हणजे झालं. पण तुम्ही विचारलंत, तिच्यासाठी दुसरं काय. तर मी उलट विचारते, तिला काय कमी पडलं होतं? औषध मिळत होतं असं तुम्ही लिहिलंय. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या गाडीत प्रवास मोफत आहे. सरकारी रक्तपेढीत रक्त मोफत मिळायची तरतूद आहे. पण रात्री दोन वाजता एसटी नसते, आणि पेढीत त्या गटाची पिशवी असेलच असं नाही. तिला त्या रात्री गाडी कमी पडली.

माझं मत विचाराल तर तुमची शर्यत घर ते फाटा अशी असावी. चार किलोमीटर, वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवसाच्या जवळपासच्या थंडीतल्या एखाद्या सकाळी. भरतीची पोरं धावतील, शाळेतली मुलं धावतील, म्हाताऱ्या बायका चालतील. शेगावच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत पायदळ गेलेली माणसं तुमच्या गावातही असतील. त्यांना "कायले पयतं" हा प्रश्न पडणार नाही. पायांनी काहीतरी अर्पण करायची रीत त्यांना तुमच्याआधीपासून ठाऊक आहे, फक्त त्यांनी तिला मॅरेथॉन म्हटलं नाही.

जमलेला पैसा रात्रीच्या गाडीसाठी ठेवा. गावात ज्यांच्याकडे बोलेरो, मॅक्स, ऑटो आहे अशा चार-पाच जणांना विचारा, रात्री हाक आली तर निघाल का, डिझेल निधीतून मिळेल. त्यांचे नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा, सगळ्यात वर १०८. फोन आधी १०८ लाच करायचा. ती गाडी पोचायला वेळ लागणार असेल किंवा रेंजच नसेल, तर भिंतीवरच्या पहिल्या घराचं दार वाजवायचं. कोणाच्या घरी जायचं, ते घर कुठे आहे, हे शाळेतल्या पोरालाही माहीत हवं. बाळंतपण, साप चावणं, फवारणीची विषबाधा, सिकलसेल, कशाचंही असो, त्या निधीला आजाराचं नाव द्यायची गरज नाही. त्यामुळे आईची काळजीही आपोआप सुटते. गावानं पहिल्या वर्षी दहा-बारा हजार जमवले तरी आठ-दहा रात्रींची सोय झाली. एक लाखाची वाट बघायची गरज नाही.

रक्तदान शिबिरही त्याच सुमारास घेता येईल, जिल्ह्याच्या सरकारी रक्तपेढीला लेखी विनंती करून. १८ ते ६५ वय, ४५ किलोच्या वर वजन आणि हिमोग्लोबिन साडेबारा असेल तर पुरुषाला दर तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी रक्त देता येतं. मात्र धावणं आणि रक्तदान एकाच दिवशी नको, रक्त दिल्यावर निदान एक दिवस अंगमेहनत टाळायची असते. पेढीला विचारलंत तर ते मे महिन्यात घ्या म्हणतील बहुधा. उन्हाळ्यात पिशव्या कमी पडतात.

आणि मुंबई? जा, पुढच्याच्या पुढच्या जानेवारीत. वर्गणी, फोटो, निवेदन काही न घेता. त्या चार-पाच तासांत तुम्हाला तिच्याशी जे बोलायचं असेल ते बोला.

पण त्याच्या आधी, या आठवड्यात, आई चुलीपाशी एकटी असेल तेव्हा तिला विचारा की तिला लेकीची आठवण कशी ठेवावीशी वाटते. तुम्ही दोन वर्षांत हा प्रश्न विचारला असेल असं पत्रावरून वाटत नाही. आणि उद्यापासून सरावाचा रस्ता काही दिवस बदला. नाल्याकडून पांदण रस्ता आहे असं तुम्हीच लिहिलंय. फाट्याकडे पुन्हा जाल तेव्हा एकटे जाऊ नका, लहानीला सायकल घेऊन सोबत यायला सांगा.

तपासणीचे कागद हाती आले की मला कळवा, तुमचाही आणि तिचाही. आई काय म्हणाली, तेही लिहा.

तुमची ताई